दाता शेजारच्याच खोलीत

नळीत थुंका, पाकीट पोस्टात टाका, पूर्वज आम्ही कळवतो, असा हा धंदा. माणसाला वाटतं, फार तर थोडं आयरिश रक्त निघेल, नशीब असेल तर एखादा सरदार. इंडियानापोलिसात निघाले डॉक्टर डोनाल्ड क्लाइन.

1970-80च्या दशकांत हे वंध्यत्वतज्ज्ञ पेशंटना सांगत, की वीर्यदाता निवासी डॉक्टर आहे आणि एका दात्याचा वापर तीनपेक्षा जास्त वेळा करत नाही. प्रत्यक्षात अनेकदा दाता शेजारच्याच खोलीत असे. पुढे घरगुती डीएनए चाचण्या आल्या आणि नवी नळी पोचली की यादीत नवं भावंड, असं सुरू झालं. आकडा नव्वदीपार गेला. बहुतेक सगळे त्याच परिसरातले! तिथे स्थळ बघताना पत्रिकेऐवजी थुंकी जुळवलेली बरी. सगोत्र निघण्याची धास्ती आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त.

कोर्टाचं काय म्हणाल, तर असं करू नये असा कायदाच इंडियानात नव्हता. कुणाला सुचणार? तेव्हा 2017 मध्ये डॉक्टर दोषी ठरले ते तपासात खोटं बोलल्याबद्दल. पेशंटशी बोललेलं खोटं खपलं, सरकारशी बोललेलं नडलं. शिक्षा वर्षाची, तीही स्थगित. 2018 मध्ये वैद्यकीय परवानाही गेला. कडक कारवाईच म्हणायची. डॉक्टर 2009 मध्येच निवृत्त झाले होते.