फुटाचा उकार

‘फूट’ एकटा असला की त्याचा उकार दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: फुटाला, फुटाने, फुटांत. कुणी चिकटताच आखडणारं असं हे माप. (पक्षात पडते ती फूट स्त्रीलिंगी. तिला पट्टी लागत नाही.)

शुद्धलेखनाचे नियम करताना एखादा बिल्डर शेजारी बसला होता की काय, अशी मला दाट शंका आहे. कारण फ्लॅटमधला फूटही असाच लहरी. ‘सुपर बिल्टअप’ म्हटलं की तो फुगतो, ‘कार्पेट’ म्हटलं की अंग चोरतो. सुपर बिल्टअपमध्ये जिना आपला, लिफ्ट आपली, लॉबीही आपली. फक्त तिथे कॉट टाकायची नाही. २०१६च्या रेरा कायद्याने विक्री कार्पेटवरच करायला लावली, तेव्हा फूट जरा जमिनीवर आला. आता करारनाम्यात चौरस मीटर छापतात. ‘चौसष्ट चौरस मीटर’ ऐकून सासुरवाडीचे चेहरे कोरे. मग मेव्हणा मोबाइल काढून १०.७६४ने गुणतो, ‘म्हणजे सहाशे एकोणनव्वद’ म्हणतो, आणि सगळ्यांना एकदम स्वयंपाकघर दिसायला लागतं.

दशमान मापांचा कायदा १९५६चा. कापड निमूट मीटरवर गेलं, दूध लिटरवर गेलं. फूट काही जागचा हलला नाही. स्थळाच्या माहितीत मुलगी अजून पाच-तीन. एकशे साठ सेंटिमीटर लिहिलं तर वरपक्ष म्हणेल, उंची विचारली होती, रक्तदाब नव्हे.

वास्तविक १९५९ साली इंग्लंड-अमेरिकेसह सहा देशांनी फूट बरोब्बर ३०.४८ सेंटिमीटरचा ठरवला. म्हणजे दप्तरातली तीस सेंटिमीटरची पट्टी, जिला आपण खुशाल फूटपट्टी म्हणतो, ती जवळजवळ अर्धा सेंटिमीटर कमीच भरते. पण या घोळाचा खरा मालक सुतार. आमच्याकडे कपाटाला आलेल्या मिस्त्रींनी प्लाय सांगितला: ‘आठ बाय चार, एकोणीस एमएम.’ लांबी-रुंदी साहेबाची, जाडी फ्रेंचांची! मग कोनाड्याला टेप लावून, कानावरची पेन्सिल काढून भिंतीवरच आकडा लिहिला: दोन फूट, चार इंच, तीन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ते पुस्तकात नसतं, मिस्त्रींच्या डोळ्यांत असतं.

‘सेंटिमीटरमध्ये किती झालं हो?’ मी विचारलं.

‘साहेब,’ ते टेप गुंडाळत म्हणाले, ‘कपाट सेंटिमीटरमध्ये नाही, भिंतीत बसवायचंय.’