गो आणि नो-गो

चाकणमध्ये क्वालिटी डिपार्टमेंटला नोकरी करणाऱ्या माणसाला घरात एकही वस्तू सरळ दिसत नाही. पोळी किती गोल आहे यापेक्षा ती कुठे गोल नाही, हे आधी दिसतं. अशा माणसाची मुलगी नीटला बसते तेव्हा तिच्या अभ्यासाची सूत्रं कोणाकडे जाणार, हा प्रश्नच नव्हता. म्हणजे मला नव्हता.

बाकी प्रश्न एकच होता आणि तो मोशीपासून निगडीपर्यंत बारावीचं मूल असलेल्या प्रत्येक घरात असतो : शेवटच्या महिन्यांत धडे वाचायचे की टेस्ट द्यायच्या? एक पक्ष म्हणतो, एनसीईआरटी ओळ न् ओळ घोका, बायोलॉजीचे 90 प्रश्न तिथूनच येतात. दुसरा म्हणतो, रोज पेपर सोडवा. मी दुसऱ्या पक्षातला कट्टर. 180 प्रश्न, 180 मिनिटं, बरोबर उत्तराला 4, चुकलं की वजा 1. म्हणजे सायकल टाइम 60 सेकंद! आकडे इतके स्वच्छ दिसल्यावर माझ्यासारख्याला राहवतं होय?

फ्रिजवर कंट्रोल चार्ट लागला. वरची मर्यादा मी 720 धरली. मर्यादा आलेल्या आकड्यांतून काढायची असते, बापाच्या इच्छेतून नाही, हे एसपीसीच्या, म्हणजे स्टॅटिस्टिकल प्रोसेस कंट्रोलच्या, पहिल्याच तासाला शिकवतात. पण तो तास मी दुसऱ्यांना शिकवतो. क्लासच्या अ‍ॅपवर मार्क तिच्याआधी माझ्या मोबाईलवर येत आणि ती घरी पोचायच्या आत बिंदू मांडून झालेला असे. मग जेवताना 'फाइव्ह व्हाय'.

"फिजिक्समध्ये मार्क का गेले?"

"रोटेशन चुकलं."

"का चुकलं?"

"टॉर्कचं चिन्ह उलटं धरलं."

"का धरलं?"

"तुम्ही मागे उभे होता म्हणून, पप्पा."

उरलेल्या दोन 'का'ची गरजच पडली नाही. मूळ कारण सापडलं होतं.

यात गंमत अशी की कंपनीत प्रॉडक्शनवाल्यांना मी वर्षानुवर्षं एकच मंत्र ऐकवत आलोय : तपासून क्वालिटी येत नाही, ती मशिनवर बनते. हे वाक्य मी ऑडिटरसमोर अशा काही थाटात टाकतो की ते माझंच आहे असं नव्या ट्रेनींना वाटतं आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही. घरी मात्र मशिनला श्वास घ्यायला वेळ न देता रोज फायनल इन्स्पेक्शन! हे माझ्या लक्षात आणून द्यायला कन्येला फार वेळ लागला नाही.

"पप्पा, ऑडिटच्या आदल्या रात्री तुमच्याकडे काय करतात?"

हे तिला माहीत होतं. जेवताना मीच रंगवून सांगितलं होतं, की राहिलेल्या चेकशीट एका रात्रीत तीन वेगवेगळ्या पेनांनी कशा भरतात.

"मग टेस्टच्या आदल्या रात्री मीही तेच करते. रोज टेस्ट ठेवलीत तर रोज तेच करीन. बिघडलेलं दुरुस्त कधी करू?"

मग तिनेच घडी बसवली. रविवारी दुपारी दोन ते पाच पेपर, कारण खरी परीक्षा त्याच वेळेला असते आणि त्या वेळी आपल्या घराण्याचा मेंदू झोपतो. सोमवारी फक्त चुकलेले प्रश्न. बाकीचे दिवस पुस्तक. चुकलेल्यांच्या वहीत तीन रकाने : 'माहीत नव्हतं', 'आठवलं नाही', 'घाई'. 'घाई'चा रकाना सगळ्यात भरलेला; 'चुकीचं विधान निवडा' असं छापलेलं असताना पोरीने इमानदारीत बरोबर विधान निवडलेलं. हे रिवर्क रजिस्टर आहे, फॉरमॅट नंबर टाक, असं मी सुचवलं. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं.

विषय निघालाच आहे तर गेजबद्दल बोलू द्या. घरी कोणी ऐकत नाही. प्लग गेज म्हणजे दोन टोकांचा स्टीलचा दांडा. 'गो' टोक भोकात गेलं पाहिजे, 'नो-गो' टोक जाता कामा नये. त्या टोकाला लाल पट्टा. तेलाचं बोट फिरवून लाकडी पेटीत निजवायचा, लहान बाळासारखा. पास की फेल एवढंच तो सांगतो. भोक किती चुकलं, का चुकलं, त्याला ठाऊक नाही. मायक्रोमीटरची जात वेगळी. त्याच्या शेपटाला रॅचेट असतं. ते टकटक वाजलं की हात थांबवायचा. नवी पोरं रॅचेट सोडून थिंबलच आवळतात, आणि जितकं आवळावं तितकं रीडिंग कमी येतं. मऊ जॉब असेल तर त्यावर वळ उठतो. ट्रेनिंगमध्ये हे सांगताना मी हल्ली मधेच थांबतो. पोरांना वाटतं, सर पुढचं विसरले.

आणि प्रत्येक गेजला कॅलिब्रेशनची तारीख असते. 2024 साली नीटचा निकाल लागला तेव्हा 67 मुलांना 720 पैकी 720! आमच्याकडे इतके जॉब एकजात शून्य फरकाने निघाले, तर आम्ही टाळ्या वाजवत नाही, आधी गेज तपासायला पाठवतो. इथे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फिजिक्सच्या एका प्रश्नाला जुन्या पुस्तकाप्रमाणे एक उत्तर आणि नव्याप्रमाणे दुसरं. दोन्हींना मार्क दिलेले. शॉपफ्लोअरवर ड्रॉइंगच्या दोन रिव्हिजन एकदम सापडल्या तर ऑडिटर आमची सालटी काढतो. शेवटी आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर ठरवलं आणि सुधारित यादीत 67 चे 17 उरले. त्या मुलांचा यात काही दोष नव्हता, त्यांनी आपल्या पुस्तकातलं वाचलं होतं. मला राग येतो तो याचा. पोरगी पहाटे उठून एकेक ओळ खाली रेघ मारत वाचते, आणि जिने तिला मोजायचं ती पट्टीच मधे सरकते. यावर 'फाइव्ह व्हाय' कोणाला विचारायचा?

फ्रिजवरचा चार्ट गेला. मी उदार झालो म्हणून नाही, बायकोला किराणाच्या यादीला जागा हवी होती. सोमवारी कॅन्टीनमध्ये कोणी "किती पडले?" विचारलं तर मी "बघितले नाहीत अजून" म्हणतो. बघितलेले असतात. सरासरी काढलेली असते, स्टँडर्ड डेव्हिएशनसकट, लॅपटॉपवरच्या एका फाइलमध्ये, पासवर्ड घालून.

परवा ती फाइल उघडली तर आत एक नवीन शीट. मथळा : 'पप्पांनी मार्क विचारले, दिवसाला किती वेळा'. सरासरी काढलेली, दोन्ही मर्यादा आलेल्या आकड्यांतून, अगदी पुस्तकाबरहुकूम. रविवारचे सगळे बिंदू वरच्या मर्यादेच्या बाहेर आणि शेजारी लाल अक्षरांत शेरा : 'करेक्टिव्ह अ‍ॅक्शन – आईला कळवले आहे.'