अधूनमधून उगवणारे

रोज भेटणाऱ्या माणसाला कुणी चहासुद्धा विचारत नाही. वर्षभर तोंड दाखवलं नाही की मात्र ‘अहो, आज इकडे कुठे वाट चुकलात?’ इथून सुरुवात होते आणि पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. हे गणित मला तरुणपणीच उमगलं आणि तेव्हापासून मी माझी अनुपस्थिती मोठ्या निगुतीने जोपासत आलो आहे. लग्नाला जात नाही, बारशाला जात नाही. एकदम मुंजीलाच उगवतो. ‘अरे, हा बघा कोण आलाय!’ हे ऐकलं की अंगावर मूठभर मांस चढतं. ते आता वजनकाट्यालाही कळू लागलंय, ती गोष्ट वेगळी.

या शास्त्रातल्या थोरामोठ्यांचा माझा अभ्यास आहे. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यापाशी संपवलं. वाचकांनी असा धोशा लावला की १९०३मध्ये त्याला जिवंत करून परत आणावं लागलं. इम्रान खान १९८७च्या वर्ल्डकपनंतर निवृत्त झाला, मग मन वळवून घेतलं आणि १९९२चा वर्ल्डकप जिंकला. हॅलेचा धूमकेतू तर या पंथातला महर्षी. १९१० नंतर थेट १९८६, आणि आता २०६१. शहाऐंशीत जेमतेम दिसला, तरी कौतुक किती! रोज उगवणाऱ्या शुक्राच्या चांदणीला कुणी असं विचारलंय?

यांच्या तोडीचं आपणही काही करावं म्हणून मी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. आता फोन येतील, मनधरणी होईल, मी आढेवेढे घेईन, असा सगळा बेत होता. बऱ्याच दिवसांनी सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. मी चेहरा शक्य तितका गूढ केला. ते म्हणाले, ‘‘तुम्ही ग्रुपवर काही बोलत नाही, हे फार बरं करता. सगळ्यांनीच असं वागलं तर सोसायटी सुधारेल.’’

पण माझं खरं आराध्यदैवत म्हणजे रानपिंगळा. तो आमच्या शहाद्याकडचा, त्यामुळे जरा सविस्तर सांगणार. घरात हा विषय निघाला की लोक उठून जातात, म्हणून इथे गाठलंय. हे एक छोटं घुबड. १८७३ साली ॲलन ह्यूमने त्याची शास्त्रात नोंद केली. खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या साहेबाने १८८४मध्ये त्याचा शेवटचा नमुना मिळवला आणि मग पक्षी जो गडप झाला तो झालाच. मध्येच कर्नल मायनर्ट्झहॅगन म्हणाले, मला १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला! मोठा मानाचा माणूस, शंका कोण घेणार? पुढे पामेला रासमुसेन या पक्षितज्ज्ञ बाईंनी तो पेंढा भरलेला पक्षी नीट तपासला, तेव्हा कळलं की साहेबांनी डेव्हिडसनचाच नमुना ब्रिटिश म्युझियममधून लांबवून, नव्याने पेंढा भरून, त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. मग बाईंनी मांडवीवर काट मारली आणि जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवसाढवळ्या, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर स्वारी उन्हात बसलेली. ११३ वर्षांनी! जगभर बातमी झाली.

ही गोष्ट मी भावाला रंगवून सांगत होतो. तो म्हणाला, ‘‘म्हणजे दादा, तो कुठे गेलाच नव्हता. तिथेच सरडे मारत होता. लोकच आले नव्हते.’’

भाऊ शहाद्याला असतो. शेती बघतो, आईला बघतो. मी पुण्याहून उगवलो की माळ्यावरचं खापर खाली येतं आणि आई गुडघे दुखत असतानाही हातावर पोळी फिरवत मांडे करते. मागच्या खेपेला रात्री ती खाटेवर बसून मला सांगत होती, ‘‘तू आलास की घर कसं भरल्यासारखं वाटतं.’’ भाऊ खाली जमिनीवर बसून मोबाइलच्या उजेडात तिच्या पायाची नखं कापत होता. त्याने मान वर केली नाही. ‘‘पाय हलवू नको,’’ एवढंच म्हणाला.

नंतर ओट्यावर बसल्यावर मला म्हणाला, ‘‘येत जा रे दादा. तू आलास की आम्हालाही मांडे मिळतात.’’ तो थट्टेत बोलला होता. मला त्या रात्री मांडे पचले नाहीत.

यावर मी उपाय काढला. भावाला म्हटलं, चार दिवस पुण्याला जा, सिनेमे बघ, इथे मी आहे. मनात हिशेब असा, की एकदा त्यालाही थाटात परत येऊ दे. तो गेला त्याच संध्याकाळी आईने विचारलं, ‘‘कधी यायचा हा?’’ दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, दुपारी तेच. रात्री मी तिच्या गोळ्या काढून दिल्या तर तळहात डोळ्यांजवळ नेऊन तिने त्या निरखल्या आणि म्हणाली, ‘‘पांढरी अर्धीच असते. त्याला फोन लाव.’’

भाऊ परतला तेव्हा मी दारातच उभा होतो, न जाणो स्वागताचं भाषण करायची वेळ आली तर. आई आतूनच ओरडली, ‘‘आलास का? आधी मोटार लाव, टाकीत पाणी नाही.’’ तो बॅग ठेवून तसाच मागच्या दारी गेला.

मी आईला म्हटलं, ‘‘अगं, चार दिवसांनी आलाय तो. खापर काढू का?’’

‘‘कशाला?’’ आई म्हणाली. ‘‘तो काय पाहुणा आहे?’’

रात्री कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. या वेळी मलाही तेच वाढलं. मला भलतीच बढती मिळाल्यासारखं वाटलं आणि मी आजूबाजूला पाहिलं. पण कुणाचं लक्षच नव्हतं.