०.१ मायक्रॉनचं सोवळं
गडावरच्या टाक्यातलं पाणी पोकळ धाग्यांच्या फिल्टरमधून गाळून पिणाऱ्या ट्रेकरचं कौतुक करावं तेवढं थोडंच. ०.१ मायक्रॉनची छिद्रं! जिवाणूंची काय बिशाद! विषाणू निसटतात, पण ते लहान आहेत, सोडून द्या. गाळप आटोपलं की हाच सोवळा गडी झापात बसून त्याच टाक्याच्या पाण्याचं लिंबूसरबत दोन ग्लास रिचवतो आणि वेफर्सचं रिकामं पाकीट टाक्यात सोडतो. यात विसंगती शोधणारे नतद्रष्ट. पाकीट ०.१ मायक्रॉनहून बरंच मोठं असतं, ते फिल्टरमधून येणं शक्यच नाही. सबब टाक्यांतला गाळ उपसण्याचे श्रमदान तात्काळ बंद करावे. उन्हाळ्यात याच टाक्यावर हंडे घेऊन चढणाऱ्या वाडीतल्या बायकांनी आपापला फिल्टर सोबत आणावा, ही नम्र विनंती.