दसनंबरी

पावसाळ्यात शिवाजी पार्क फुटबॉलकडे भाड्याने जातं. नेट्स गुंडाळलेली, पिचवर ताडपत्री, आणि लाल चिखलात वीसेक पोरं एकाच चेंडूमागे. त्यांच्यापासून जरा बाजूला, दर रविवारी सकाळी सातला, आमची मॅच असते : मी विरुद्ध कन्या, वय वर्षं सहा.

मी याच मैदानावर वाढलो, म्हणजे क्रिकेटवर. फुटबॉल ही आमच्या लेखी नेट्सआधी अंग गरम करायची सोय. त्यामुळे मुलीने फुटबॉल मागितला तेव्हा मला अभ्यास करावा लागला. तीन रात्री जागून ऑफसाइड समजून घेतलं आणि बिस्किटं मांडून तिला समजावलं. तिने सगळं ऐकून विचारलं, "पण तो आधी पोचला, तर चांगलंच ना बाबा?" दादर स्टेशनात हयात गेलेल्या माणसाकडे याला उत्तर नसतं. बिस्किटं आम्ही खाऊन टाकली.

आता ऑफसाइड नाही. बाकीचे नियमही तिचेच. मला ज्यात गोल मारायचा, तिथे तिच्या दोन चपला, मध्ये एक वीत जागा. मी जो राखायचा, त्याची एक चप्पल माझ्यापाशी आणि दुसरी थेट कट्ट्याजवळ. (दोन्ही माझ्या. मी अनवाणी.) बॉल तिच्या हाताला लागला तर चालतं, कारण ती लहान आहे. माझ्या हाताला लागला तर पेनल्टी, कारण मी मोठा आहे.

परवा तिची एक किक माझी दुसरी चप्पल ओलांडून कट्ट्यापर्यंत गेली. तिथे रेनकोट घातलेले एक आजोबा थर्मासमधला चहा पीत बसले होते. तिच्या चिखलाने माखलेल्या टीशर्टवरचा आकडा वाचून त्यांचा चेहरा खुलला.

"वा! दहा नंबर! सचिन का गं?"

"सचिन कोण?"

पार्कात असं विचारणं म्हणजे आळंदीत 'ज्ञानेश्वर कोण' विचारणं. डिसेंबर 2024 पासून गेट नंबर 5 पाशी सचिनच्या गुरूंचं, आचरेकर सरांचं स्मारक आहे, तिथवर आवाज गेला नसावा. आजोबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही इथलेच ना?"

"रानडे रोड," मी कसंबसं म्हटलं. "तो मेस्सीचा आहे."

आजोबा उठले. बॉल पायाखाली घेतला, एकदा मागे ओढला आणि पावलाच्या आतल्या कडेने असा सोडला, की चिखलातून सरळ जाऊन तो बरोबर तिच्या पायाशी थांबला. आम्ही दोघंही बघत राहिलो.

"तुम्ही मेस्सी बघितलाय?" तिने विचारलं.

"कूपरेजला रोव्हर्स कप बघितलाय. मोहन बागान बघितलंय."

"ते कोण?"

आता आजोबा हसले. चहाचा थर्मास बंद करून त्यांनी पँटचे पाय दुमडायला घेतले. नव्या खेळाडूमुळे लगेच नवा नियम झाला : आजोबा कुणाच्या बाजूने, हे ज्याच्या पाठीवर दहा नंबर त्याने ठरवायचं.

मॅच 47–0 अशी सुटली. माझी कट्ट्याजवळची चप्पल अजून सापडलेली नाही.