तरंगणारी वीट

नाशकात गंगापूर रोडकडे बंगला बांधायला काढला, की जिन्याच्या भिंतीत काचेच्या विटा बसवायचा विषय निघतोच. उजेड येईल, चोर येणार नाही, पडदे शिवायला नकोत, असं आर्किटेक्टने म्हटलं की घरातला विरोध मावळतो.

आमच्या मिस्त्रींचा हात मातीच्या विटेवर बसलेला. त्यांनी पहिली वीट सवयीने भिजवायला पिंपात टाकली आणि ती चक्क तरंगली. "रामाचं नाव तर कुणी लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. पंचवटीच्या गावात हे ऐकून घ्यावंच लागतं! काचेचे दोन अर्धे गरम असताना एकमेकांना चिकटवतात, आत नुसती पोकळी. एकोणीस सेंटिमीटर लांबी-रुंदी, आठ जाडी, वजन जेमतेम अडीच किलो, बुडणार कशी? पाणी पीत नाही म्हणून मालही लवकर आवळत नाही. तीन-चार थर झाले की थांबायचं, नाहीतर भिंत घसरते. सांध्यात बारीक सळया, वर लिंटल हवाच, कारण ही भिंत कुणाचा भार घेत नाही. मिस्त्रींचा चहा मात्र वाढतो.

पॅरिसमध्ये 1928 ते 1932 या काळात वास्तुरचनाकार पिएर शारो यांनी एका डॉक्टरांच्या घराची दर्शनी भिंतच काचेच्या विटांची केली. जुनी इमारत पाडायची होती. पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाई हटेनात. शेवटी त्यांचा मजला तसाच ठेवून खाली काचेचं घर उभं केलं. जुन्या नाशकातल्या वाडामालकांना ही गोष्ट अजिबात परकी वाटणार नाही.

आपल्याकडे खिडकी उजेडासाठी कमी, चौकशीसाठी जास्त. काचेची वीट उजेड देते, बातमी देत नाही. समोरच्या काकू आता हिरवा डाग होऊन जातात. भाजी घेऊन आल्या की देवळातून, काही कळत नाही. त्यांना मात्र सगळं कळतं. सकाळी विचारतात, "रात्री जिन्यात दोनदा दिवा लागला, बरं आहे ना सगळं?"

तेव्हा बसवायच्याच असतील तर जिन्यात नि न्हाणीघरात बसवा. स्वयंपाकघरात नको, फोडणीच्या धुराला उघडणारी खिडकीच लागते. आणि दोन-चार विटा जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, तीच नक्षी पुढे दुकानात मिळेलच असं नाही.