अंगठ्याची बाराखडी

माऊसचा जनक एंगलबार्ट, त्याच्या पहिल्या लाकडी माऊसला एकच बटण होतं. २००९ साली आलेल्या ‘रेझर नागा’ या माऊसच्या कुशीत एकट्या अंगठ्यासाठी बारा बटणं बसली, जुन्या फोनवरच्या आकड्यांसारखी.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या संगणकावरच्या खेळासाठी हे ठीकच. तिथे मंत्र, ढाली आणि औषधाच्या कुप्या इतक्या, की कीबोर्डवरचा डावा हात पुरा पडत नाही.

पण गडी तोच माऊस घेऊन ‘काउंटर-स्ट्राइक’ या बंदुकीच्या खेळात उतरतो. तिथे नेम धरायचा नि डावं बटण दाबायचं, बस्स! घाबरून मूठ आवळली की अंगठा नेमका तिनावर पडतो, आणि बंदुकीऐवजी हातात चाकू. ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात तर चाली सावकाश, मध्ये चहा उकळून घ्यावा इतक्या. तिथे बारा बटणं म्हणजे एकट्या माणसाच्या घरी लग्नाचं पातेलं. तरी हौशी खेळाडू बाराही जणांना कामं वाटतोच. आठव्याला काय दिलं होतं, ते मात्र चुकून दाबल्यावरच कळतं.